आईचं रोजचं इंजेक्शन

"रोज सुई टोचत्यात म्हणं. एक दिस ह्या दंडाला, एक दिस त्या. आता जागा तरी कुठं ऱ्हायली आसंल?"

काकींचा आवाज बाहेरच्या खोलीतून सरळ स्वयंपाकघरात आला. मी चहात साखर घालत होते. किती चमचे घातले ते विसरले, म्हणून अजून एक घातला.

"हळू बोल की," तात्या म्हणाले. "पोरगी आत हाय."

"हळूच बोलतीया. आन् तिला काय म्हाईत न्हाय व्हय? तिच्याच घरातलं हाय."

तात्या आणि काकी म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि त्यांची बायको. भर दुपारी, न कळवता, कऱ्हाटीहून मोटरसायकलवर आले होते. दारातच तात्यांनी माझ्या हातात चार शहाळी आणि सफरचंदांची पिशवी ठेवली होती. शहाळी बघून मला बरं वाटलं, पण ते दोनच मिनिटं टिकलं. आमच्याकडं सफरचंदं उगीच कुणी आणत नाही. लग्नाला टॉवेल-टोपी, बारशाला अंगडं-टोपडं, आणि आजाऱ्याला सफरचंद. ती पिशवी हातात आल्यावरच मी विचारायला हवं होतं की आजारी कोण आहे. पण पाहुण्यांना प्रश्न विचारायला मला नेहमीच वेळ लागतो, आणि तोवर पाहुणे बसलेले असतात.

आता कळलं. आजारी माझी वहिनी होती.

वहिनी त्या क्षणी इंदापूरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर चिकटवत असणार, नाहीतर डबा उघडून बसली असणार. तिला काहीही झालेलं नव्हतं. जे केलं होतं ते मी केलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी.

आमच्या घरात लहान मुलांना कुणी 'नाही' म्हणत नाही. म्हणजे लाड करतात असं नाही, नकार भरपूर देतात, फक्त दुसऱ्याच्या नावावर देतात. चॉकलेट कावळा घेऊन जातो. मोबाईल झोपतो. दुकानदार गावाला जातो, समोर बसलेला दिसत असला तरी. माझी भाची, म्हणजे दादा-वहिनीची मुलगी, साडेचार वर्षांची आहे. एकदा तिला कार्टून बघायचं होतं आणि बाबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, बातम्या संपल्यावर झोपायचं होतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि सांगितलं, "लाईट गेली." तिनं मान वर करून पंख्याकडं पाहिलं.

"पंखा कसा फिरतोय मग?"

"त्यो येगळ्या लाईनीवर हाय."

विहिरीवरच्या मोटारीची लाईन वेगळी आणि घराची वेगळी असते हे तिला माहीत होतं, त्यामुळं तिला पटलं. बाबांनाही बोलता बोलता पटलं असावं. पुढं कितीतरी दिवस ती आल्यागेल्याला सांगायची की आमचा पंखा मोटारीच्या लाईनीवर आहे.

मोठ्यांसाठी बाबांकडं एकच शब्द आहे, 'बघू'. मी बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचं विचारलं तेव्हा ते 'बघू' म्हणाले, आणि तो नकार आहे हे कळायला मला दीड महिना लागला. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. तिथं 'नो' म्हणजे 'नो' असायचं. मिस सरळ तोंडावर म्हणायच्या आणि पुढच्या बेंचकडं वळायच्या. मला ते ऐकायची सवय झाली, म्हणायची मात्र झाली नाही. आता मी घरून लॅपटॉपवर काम करते, पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते. आमचे सर शनिवारी संध्याकाळी अजून एक धडा पाठवतात आणि मी 'शुअर' लिहिते. तर खोटं बोलण्यात आमच्या घरातले सगळे तयार आहेत आणि मी फक्त गप्प बसण्यात, असं मी समजत होते.

दिवाळीनंतर वहिनीला ही नोकरी लागली. तात्पुरती होती, पण पहिले सहा महिने नीट गेले तर कायम करू असं सांगितलं होतं. वेळेवर येणं ही पहिली अट. सकाळी आठची एसटी आमच्या फाट्यावर थांबते. ती चुकली तर पुढची मिळून काही उपयोग नाही. पहिल्या दिवशी वहिनीनं लेकीला समोर बसवून सरळ सांगितलं, "मी कामाला जातेय. तुला नेता येणार नाही. साडेसहाला येते." मला ते फार आवडलं. भाचीला नाही आवडलं. ती जी रडायला लागली, ती थेट उलटी होईपर्यंत.

"आगं, डोळा चुकवून जायचं असतंय," आईनं वहिनीला समजावलं. दुसऱ्या दिवशी आईनं भाचीला गोठ्यात वासरू दाखवायला नेलं आणि वहिनी मागच्या दारानं गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी भाची वासराकडं जायलाच तयार होईना. वासरू दिसलं की आई नाहीशी होते, हे तिनं बरोबर जोडलं होतं. त्यानंतर ती सकाळी उठली की सरळ ओट्यावर जायची आणि वहिनीच्या चपलांवर बसायची. डाव्या-उजव्या दोन्ही चपलांवर नीट मांडी घालून. सकाळचं दूधही तिथंच प्यायची.

एक दिवस बस चुकली. वहिनी नुसती ओट्यावर बसून राहिली आणि कॉलेजला फोन लावताना तिचा आवाज बारीक झाला. पुन्हा आठ दिवसांनी तीच वेळ आली. दादा एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला गेलेला, आई-बाबा पहाटेच उसाच्या लागणीला रानात. वहिनी घरातल्या स्लिपरवरच निघाली होती, भाची तिच्या पर्सच्या पट्ट्याला लोंबकळत होती आणि फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. लॅपटॉप उघडा ठेवून मी दारात आले आणि कित्येक महिन्यांत बोलले नसेन एवढ्या मोठ्यानं बोलले,

"आई दवाखान्यात चाललीय. इंजेक्शन घ्यायला. तुला पण जायचंय? जा. तुला पण देतील."

पट्टा सुटला.

वहिनी एक क्षण थांबली. तिला काहीतरी म्हणायचं होतं हे मला स्पष्ट दिसलं. दुसरा हॉर्न वाजला आणि ती पळाली.

संध्याकाळी आईनं ही गोष्ट शेजारच्या मावशींना सांगितली. "आमची बोलत न्हाय, पर डोक्यानं हाय." या घरात माझं असं कौतुक दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच झालं. मी खाली बघत भांडी पुसत राहिले, पण एकच वाटी मी दोनदा पुसली.

अडचण त्याच संध्याकाळी सुरू झाली. साडेसहाला वहिनी आली, भाची तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं टोचलं?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं. वहिनीनं डावा हात पुढं केला. भाचीनं बाही वर सारून दंडावर हळूच फुंकर घातली, तीनदा. तिला बालवाडीत लस दिली तेव्हा मी घातली होती तशीच.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं पुन्हा डावाच हात पुढं केला. "काल हा होता," भाची म्हणाली. "आज दुसरा." तेव्हापासून पाळी लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता वहिनी मला म्हणाली, "बसमध्ये बसले की मी आता हेच आठवत असते, काल कुठला हात होता." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "किती दिवस चालायचं गं हे? तू चालू केलंयस, तूच एकदा सांग तिला."

"बघू," मी म्हणाले.

माझ्या तोंडून बाबा बोलले असं वाटलं. वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय सोडला.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. युक्ती चांगली असली की ती एकाच्या मालकीची राहत नाही. आईनं ती बाजाराच्या दिवशी वापरली. बाबांनी सोसायटीच्या मीटिंगला जाताना वापरली. दादा मित्रांबरोबर जेवायला गेला तेव्हाही इंजेक्शनच घ्यायला गेला. भाची शांतपणे सगळ्यांना दारात उभी राहून टाटा करायची. घर सुखी होतं. फक्त बालवाडीत जाताना ती वाटेत शेजारच्या मावशींना रोजचा अहवाल देत होती. मावशी त्यांच्या नातवाबरोबर तिलाही सोडायच्या-आणायच्या. खरं काय ते आईनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण रोज ऐकून ऐकून त्यांनाच शंका यायला लागली असावी की खोटं नेमकं कुठलं, पोरीला गप्प करायला सांगितलं ते, की आपल्याला गप्प करायला सांगितलं ते. त्यांची बहीण कऱ्हाटीला दिलेली. एवढं पुरेसं होतं.

तर मी चहा घेऊन बाहेर आले.

"ताईसाब आल्या," तात्या जरा सावरून बसत म्हणाले. "लई वाळली की तू बी."

"हिचं कसं व्हायचं?" काकी कप घेत म्हणाल्या. "त्या विंग्लिश शाळंनं जीभच काढून घितली हिची. बस हितं. तुझी आई कुठं गेली?"

आई-बाबा अकलूजकडं साखरपुड्याला गेले होते आणि दादा दुसऱ्या शिफ्टला. मी ते सांगितलं. मग ट्रेच्या कडेवर बोट फिरवत, मनात दोनदा जुळवून घेतलेलं वाक्य म्हणाले, "काकी, वहिनीला काही झालेलं नाहीये."

"व्हय व्हय." काकींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आसंच म्हनायचं. माणसानं धीर सोडू न्हाय."

"नाही, खरंच. ती बरी आहे."

काकींनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान हलवली. आमच्या भागात आजार असेल तर तो आल्यागेल्याला तपशीलवार सांगतात, रिपोर्टची पिशवी काढून दाखवतात. 'काही नाही' असं म्हटलं की ते मोठंच काहीतरी असतं. मी हे लहानपणापासून बघत आले होते आणि तरी तेच वाक्य बोलून बसले.

"माझ्या जावंचं बी आसंच," काकी म्हणाल्या. "काय न्हाय, काय न्हाय, ग्यास हाय म्हनायची."

"वहिनी कामाला जाते. इंदापूरला."

"इंदापूरला?" तात्यांनी कप खाली ठेवला. "बारामतीत एवढं मोठमोठं दवाखानं आसताना इंदापूरला कशापायी?"

"म्हंजी बारामतीच्या डाक्टरनी हात टेकलं," काकी हळूच म्हणाल्या.

"आन् जाती कशी? गाडी केलीय?"

"एसटीनं," मी म्हणाले, कारण ते खरं होतं.

"इंजेक्शन घिऊन यष्टीनं माघारी!" काकींनी कपाळाला हात लावला. "वाघीण हाय गं वाघीण."

मी अजून एक वाक्य तयार ठेवलं होतं: मी खोटं बोलले होते. चार शब्द. लॅपटॉपवर मी ते सहज टाईप केलं असतं. पण काकींच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि एवढ्या उन्हात चार शहाळी मांडीवर सांभाळत आलेल्या बाईला ते कसं सांगायचं हे मला सुचेना. मी म्हणाले, "चहा गोड झालाय का?" काकी म्हणाल्या, "झालाय, पर आसू दे."

तेवढ्यात भाची बालवाडीतून आली. शेजारच्या मावशी तिच्या मागोमाग आत आल्या आणि पाहुण्यांशेजारी बसल्या. काकींनी भाचीला ओढून मांडीवर घेतलं.

"जेवली का? कोण भरवतंय तुला?"

"मी माझी जेवते."

"आन् आजी कुठं गेली, ठावं हाय का तुला?"

"दवाखान्यात," भाची म्हणाली. "आजी आणि आजोबा दोघं गेलेत. इंजेक्शन घ्यायला. आजी नवी साडी नेसून गेली."

मी ट्रे छातीशी धरून उभी होते.

"जाऊबाई बी?" काकी म्हणाल्या.

"बाबा पण घेतात. रविवारी घेतलं. मग बाबांना घरी जेवण जात नाही." तिचे बाबा म्हणजे आमचा दादा.

तात्यांनी खिशातून रुमाल काढला, सहज काढावा तसा, आणि नाकावर धरला. दुसऱ्या हातानं कप थोडा लांब सरकवला. मला हसू आलं. इतकं की मी आत गेले आणि स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी राहिले. हसू थांबलं तेव्हा बाहेरून काकींचा आवाज येत होता, अगदी मऊ.

"आई बरी हुईल हां माझ्या बायची. तू द्येवाला सांग. ल्हान पोरांचं ऐकतोय त्यो."

मी बाहेर आले. भाची माझ्याकडं बघत होती. तीन आठवडे तिच्या दृष्टीनं इंजेक्शन म्हणजे आईचं काम होतं; तिचे बाबा शिफ्टला जातात, आजोबा रानात जातात, तशी आई टोचून घ्यायला जाते. त्यात बरं-वाईट काही नव्हतं. आता पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की दवाखान्यात आजारी माणसं जातात.

"आत्तू, आई बरी नाहीये?"

"बरी आहे."

"मग ही आजी का रडतीय?"

"तिच्या डोळ्यात काहीतरी गेलंय," मी म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की मलाच दचकायला झालं. विचार करावा लागला नाही. भाची काकींच्या मांडीवर उभी राहिली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि डोळ्यात फुंकर घालायला लागली. काकी अजूनच रडायला लागल्या.

"सूनबाईला भेटूनच जाऊ," तात्या रुमालाच्या आतून म्हणाले. जेवून दोघं बाहेरच्या खोलीत आडवी झाली. मावशी घरी गेल्या, पण 'येते साडेसहाला' म्हणून.

मी टेबलापाशी बसून प्रुफं उघडली. थोड्या वेळानं पायाला काहीतरी लागलं. भाची टेबलाखाली येऊन माझ्या पावलांवर बसली होती, चपलांवर बसायची तशीच. दुपारी तिनं वरण-भात अर्धाच खाल्ला होता. सफरचंदाची फोड तोंडापर्यंत नेऊन परत ताटलीत ठेवली होती आणि मला सांगितलं होतं, आईला ठेव.

"आत्तू," ती खालून म्हणाली. "इंजेक्शन देताना माझा हात तू धरला होतास ना?"

"हो."

"आईचा कोण धरतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. आईच्या इंजेक्शनबद्दल तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती, आणि तीच सगळ्यात वाईट ठरली. टेबलाखाली तिनं माझी पावलं दोन्ही हातांनी धरली.

वाकून सांगायला हवं होतं. आम्ही दोघीच होतो, पाहुणे घोरत होते. पण मी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आई कुठं जाते. कामाला जाते म्हटलं की, मला पण ने. आणि मग उद्या सकाळी पुन्हा त्या चपला. वहिनीची नोकरी अजून कच्ची होती. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती रडेल याची मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, 'आत्तू, तू खोटं बोललीस?' असं ती विचारेल याची. मी एक स्वल्पविराम काढला, परत घातला, आणि ती तशीच माझ्या पायांवर झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. एवढं मला जमतं.

साडेसहाला फाट्यावर एसटी थांबली. वहिनी उतरली तेव्हा ती फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होती. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्या. काकी अंगणातून धावल्याच. त्यांनी आधी मेथी काढून घेतली, मग पर्स, मग वहिनीचा दंड धरून तिला चालवत आणायला लागल्या. वहिनीनं गोंधळून फोन बंद केला.

"काकी, कधी आलात? काय झालं?"

"काय न्हाय, काय न्हाय. हळू चाल. पायरी हाय. किती वाळली गं!"

"वाळले?" वहिनी म्हणाली. "अहो, कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खाऊन माझं वजन तीन किलो वाढलंय."

"सूज आसंल ती," तात्या दारातून म्हणाले. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली आणि स्वतः चार पावलं मागं सरकले. शेजारच्या मावशीही वेळेवर हजर होत्या.

वहिनी खुर्चीत बसली नाही. तिनं टीपॉयवरची शहाळी पाहिली, सफरचंदं पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. तिचे ओठ हलले. हसू येतंय की राग, ते तिचं तिलाच ठरत नसावं.

भाची दाराआडून पुढं आली. रोजच्यासारखं तिनं 'कुठं टोचलं' विचारलं नाही. वहिनीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "उद्या मी तुझ्याबरोबर येणार."

"कुठं?"

"दवाखान्यात. मी तुझा हात धरणार. मला पण टोचलं तरी चालेल. मी रडणार नाही."

सुईला ती किती घाबरते ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लसीच्या वेळी दोन नर्स आणि मी अशा तिघींनी तिला धरलं होतं. ती आता वहिनीकडं बघत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती, पण हात सोडले नव्हते. जी भीती मी तिला दारात अडवून धरायला उभी केली होती, त्या भीतीच्या अंगावरून भाची चालत पुढं आली होती. आता तिला अडवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

माझ्याकडं नव्हतं, बाकीच्यांकडं होतं.

"उद्या सुट्टी हाय दवाखान्याला," तात्या लगेच म्हणाले.

"तितं ल्हान पोरांला आत घेत न्हाईत बाळा," काकी म्हणाल्या. "दारात पोलीस आसतोय. मोठ्या मिशांचा."

"उद्या आई जाणारच न्हाय कुठं," मावशी म्हणाल्या. "व्हय का न्हाय गं?"

तिघंही इतक्या प्रेमानं बोलत होती. कुणाला काही शोधावं लागत नव्हतं. भाचीनं तात्यांकडं पाहिलं, काकींकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं. तीन उत्तरं तिच्या डोक्यात एकमेकांना लागेनात. सुट्टी असेल तर पोलीस कशाला? वहिनी फक्त माझ्याकडं बघत उभी होती. लायब्ररीत कुणी पुस्तक परत करायचं विसरलं असेल तर ती अशीच बघत असेल, न रागावता, पण हलायचं नाही अशा बेतानं.

मग भाचीनं माझ्याकडं वळून विचारलं, "आत्तू, पोलीस असतो?"

खोलीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. काकींनी मला डोळ्यानं खूण केली, हो म्हण म्हणून. मी तिच्यासमोर फरशीवर बसले, म्हणजे निदान मोठी माणसं दिसेनाशी होतील, आणि तिचं नाक पुसायला ओढणीचं टोक हातात घेतलं, पण पुसलं नाही, कारण ती अजून रडत नव्हती.

"पोलीस नसतो," मी म्हणाले. "दवाखाना पण नाही. आईला कुणी टोचत नाही. आई आजारी नाही. ते मी खोटं सांगितलं होतं, कारण तू रडायला लागलीस की मला काय करायचं ते कळत नाही. आई इंदापूरला कामाला जाते. तिला ते काम आवडतं. उद्या पण ती जाणार आहे, आणि तुला नेणार नाही. नाही. रडायचं असलं तर रड, मी इथंच बसते. पण नाही."